पत्ता किती वाचायचा? बहुस्तरीय स्विचची ओळख

हिंगोलीला पाठवायच्या पत्रावर आपण ४३१५१३ हा पिन क्रमांक लिहितो. समजा, हे पत्र दूर आसाममधल्या एखाद्या गावी टपालपेटीत पडले. तिथे पत्रे वेगळी करणाऱ्या कर्मचाऱ्याला हिंगोली नेमकी कुठे आहे हे माहीत असण्याची काहीच गरज नाही. पहिला आकडा ४ दिसला की पत्र महाराष्ट्र, गोवा, मध्य प्रदेश, छत्तीसगड या बाजूचे आहे एवढे त्याला कळते, आणि त्याचे काम तेवढ्यावर भागते. पत्र महाराष्ट्रात आले की पुढचे आकडे पाहावे लागतात. ४३१ म्हणजे मराठवाड्याचा मोठा भाग. शेवटचे तीन आकडे वाचण्याची वेळ येते ती पत्र अगदी जवळ पोचल्यावर. लिफाफ्यावरचे नाव तर फक्त पोस्टमनच वाचतो. ही पद्धत टपाल व तार खात्यातील अधिकारी आणि संस्कृतचे पंडित श्रीराम भिकाजी वेलणकर यांनी आखली आणि ती १५ ऑगस्ट १९७२ पासून अमलात आली.

या पद्धतीचे मर्म एका वाक्यात सांगता येईल: प्रत्येक टप्प्यावर पत्ता लागेल तेवढाच वाचावा, त्याहून अधिक नाही. संगणकांच्या जाळ्यातही नेमका हाच प्रश्न क्षणाक्षणाला सोडवावा लागतो. आलेल्या माहितीवरचा पत्ता किती वाचायचा, आणि तो किती झटपट वाचायचा? ज्या उपकरणाला गरजेप्रमाणे थोडा किंवा अधिक पत्ता वाचता येतो, त्याला बहुस्तरीय स्विच म्हणतात. हा 'स्तर' म्हणजे काय, हे उपकरण निर्माण का करावे लागले आणि हिंगोलीसारख्या जिल्ह्याशी त्याचा काय संबंध, ते या लेखात पाहू या.

एका पत्राचे अनेक पत्ते

टपालाचे उदाहरण थोडे पुढे नेऊ. लिफाफा एकटा प्रवास करत नाही. तो थैलीत घातला जातो आणि थैलीला चिठ्ठी बांधलेली असते. या चिठ्ठीवर अंतिम पत्ता नसतो, तर थैली पुढच्या कोणत्या कचेरीत उघडायची ते लिहिलेले असते. तिथे थैली उघडली जाते, पत्रे वेगळी होतात, नव्या थैलीत जातात आणि नवी चिठ्ठी बांधली जाते. वाटेत चिठ्ठी अनेकदा बदलते, लिफाफ्यावरचा पत्ता मात्र एकदाही बदलत नाही. लिफाफ्यावर कधीकधी आणखी एक सूचना असते, उदाहरणार्थ 'परीक्षा विभागासाठी' किंवा 'लेखा शाखेसाठी'. ती शाळेच्या कार्यालयात पोचल्यावर उपयोगी पडते. आणि आतला मजकूर फक्त ज्याचे पत्र त्यानेच वाचायचा.

संगणकाची माहितीही अशीच एकात एक घातलेली असते. आंतरराष्ट्रीय मानक संघटनेने १९८४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या आराखड्यात तिचे सात स्तर मानले आहेत. आपल्याला आज त्यांतले चार पुरेत.

पहिला स्तर म्हणजे प्रत्यक्ष तार किंवा प्रकाशतंतू; टपालाच्या भाषेत रस्ता आणि गाडी.

दुसरा स्तर म्हणजे थैलीवरची चिठ्ठी. इथे मॅक पत्ता असतो. हा ४८ अंकस्थानांचा द्विमान क्रमांक संगणकाच्या जाळेपट्टीला कारखान्यातच दिलेला असतो. त्यातला पहिला अर्धा भाग कारखानदार ओळखण्यासाठी असतो. म्हणजे हा क्रमांक वस्तू कुणी बनवली ते सांगतो. ती कुठे आहे ते सांगत नाही.

तिसरा स्तर म्हणजे लिफाफ्यावरचा पिनसह पत्ता. इथे आयपी पत्ता असतो. १०.१०.२.८ असा चार आकड्यांचा हा पत्ता मात्र ठिकाणावर अवलंबून असतो आणि पिनप्रमाणेच डावीकडून उजवीकडे अधिकाधिक बारीक होत जातो.

चौथा स्तर म्हणजे 'परीक्षा विभागासाठी' ही सूचना. एका संगणकावर एकाच वेळी अनेक कामे चालतात. आलेली माहिती त्यांतल्या कोणत्या कामाची आहे ते इथल्या क्रमांकावरून कळते. संकेतस्थळ सुरक्षितपणे पाहण्यासाठी ४४३, घड्याळ जुळवण्यासाठी १२३ असे हे क्रमांक ठरलेले आहेत. त्यांना पोर्ट क्रमांक म्हणतात. स्विचवर तार जोडायच्या खाचेलाही पोर्टच म्हणतात. या सारख्या नावामुळे विद्यार्थ्यांचा हमखास गोंधळ होतो, म्हणून या लेखात आपण दुसऱ्या वस्तूला खाच म्हणू.

फक्त चिठ्ठी वाचणारा स्विच

ईथरनेट या पद्धतीचा जन्म १९७३ मध्ये अमेरिकेतील झेरॉक्स कंपनीच्या पालो आल्टो येथील संशोधन केंद्रात झाला. तिच्या सुरुवातीच्या रूपात सर्व संगणक एकाच तारेला जोडलेले असत. एक बोलू लागला की बाकीच्यांनी गप्प बसायचे, दोघे एकदम बोलले की दोघांनीही थांबून पुन्हा प्रयत्न करायचा. पुढे आलेला 'हब' हाही तसाच होता. एका खाचेत आलेला संदेश तो उरलेल्या सर्व खाचांत पाठवून देई. वर्गात साठ मुले आणि बोलण्याची पाळी एका वेळी एकाचीच, अशी ही स्थिती होती.

१९९० मध्ये 'कल्पना' नावाच्या कंपनीने सात खाचांचा ईथरनेट स्विच बाजारात आणला. नाव आपल्या ओळखीचे वाटते ते योगायोगाने नव्हे. कंपनीचे संस्थापक विनोद भारद्वाज यांनी ते आपल्या पत्नीच्या नावावरून ठेवले होते. १९९४ मध्ये सिस्को या मोठ्या कंपनीने 'कल्पना' विकत घेतली.

स्विचची हुशारी साधी आहे. कोणत्या खाचेतून कोणत्या मॅक पत्त्याचा संदेश आला, हे तो एका तक्त्यात टिपून ठेवतो. पुढे त्या पत्त्यासाठी काही आले की ते फक्त त्याच खाचेत पाठवतो. पत्ता तक्त्यात नसेल तर नाइलाजाने सर्व खाचांत पाठवतो, आणि उत्तर आले की त्यावरून शिकतो. बराच वेळ, बहुधा पाच मिनिटे, एखादा पत्ता ऐकू आला नाही तर ती नोंद पुसून टाकतो. नवा पोस्टमन गावात येतो आणि हळूहळू कोण कुठे राहतो ते शिकतो, तसेच हे आहे.

पण गावाला पुरणारी ही पद्धत देशाला पुरत नाही. मॅक पत्त्यात ठिकाणाची खूण नसल्यामुळे प्रत्येक संगणकाची वेगळी नोंद ठेवावी लागते. 'सगळे ४३१ इकडे' असे म्हणता येत नाही. शिवाय काही संदेश मुद्दामच सर्वांसाठी असतात. 'अमुक आयपी पत्ता कोणाचा आहे?' अशी दवंडी प्रत्येक संगणकाला वारंवार द्यावी लागते. वीस संगणकांत ती कोणाला जाणवतही नाही. दोन हजार संगणकांत मात्र प्रत्येकाचा वेळ दुसऱ्यांच्या दवंड्या ऐकण्यात जाऊ लागतो.

आणखी एक धोका आहे आणि तो शाळेच्या संगणक कक्षातही प्रत्यक्ष घडू शकतो. एका तारेची दोन्ही टोके चुकून एकाच साध्या स्विचमध्ये खोचली गेली, तर दवंडी एका खाचेतून बाहेर पडते आणि दुसऱ्या खाचेतून परत येते. स्विच तिला नवी दवंडी समजून पुन्हा सर्वत्र पाठवतो. दुसऱ्या स्तरावरच्या संदेशात 'मी किती वेळा फिरलो' याची नोंदच नसते. त्यामुळे ती दवंडी कधीच मरत नाही, वाढत मात्र जाते. काही सेकंदांत सगळे दिवे एकसारखे लुकलुकू लागतात आणि कक्षातले जाळे ठप्प होते. ऑनलाइन परीक्षेच्या दिवशी असे झाले तर दोष इंटरनेट कंपनीला दिला जातो, पण कारण टेबलाखालच्या एका तारेत असते. असे वेटोळे ओळखून त्यातील एक वाट आपोआप बंद ठेवण्याची रीत राडिया पर्लमन या संगणकतज्ज्ञ विदुषीने १९८५ मध्ये शोधली. ती स्वस्त स्विचमध्ये बहुधा नसते. म्हणून जाळे ठप्प झाल्यास आधी तारा तपासाव्यात.

पिन वाचणारा राऊटर

जाळे मोठे झाले की त्याचे तुकडे करावे लागतात आणि तुकड्यांच्या सीमेवर तिसऱ्या स्तराचा पत्ता वाचणारे उपकरण बसवावे लागते. ते म्हणजे राऊटर. राऊटरकडे प्रत्येक संगणकाची यादी नसते. त्याच्याकडे 'ज्यांची सुरुवात अशी, त्यांना इकडे' अशा नोंदी असतात. दोन नोंदी लागू पडल्या तर जिचे अधिक आकडे जुळतात तिचे ऐकायचे. ४३१ साठी एक दिशा आणि ४३१५१३ साठी दुसरी दिशा लिहिली असेल, तर हिंगोलीच्या पत्राला दुसरी लागू होते. या नियमाला 'सर्वांत लांब जुळणी' म्हणू.

राऊटर दोन गोष्टी आणखी करतो. एक, तो दवंडी पलीकडे जाऊ देत नाही. दोन, प्रत्येक पॅकेटवर एक आयुष्य क्रमांक असतो, तो राऊटर एकाने कमी करतो. क्रमांक शून्य झाला की पॅकेट टाकून दिले जाते. त्यामुळे वाट चुकलेले पॅकेट अनंतकाळ फिरत राहत नाही.

मग सगळीकडे राऊटरच का वापरू नयेत? कारण पूर्वीचा राऊटर म्हणजे मूलतः एक संगणकच होता. प्रत्येक पॅकेट त्याच्या स्मृतीत यायचे, प्रोग्राम ते तपासायचा, तक्ता चाळायचा, मग ते पुढे जायचे. हे काम बिनचूक होई, पण सावकाश.

जिल्हा बदलला, पिन बदलला नाही

आता तुकडे कसे पाडायचे ते पाहू. इथे हिंगोलीचेच उदाहरण कामाला येते. १ मे १९९९ रोजी परभणी जिल्ह्यातून हिंगोली हा वेगळा जिल्हा झाला. हिंगोली, कळमनुरी, वसमत, औंढा नागनाथ आणि सेनगाव हे त्याचे पाच तालुके. गावे होती तिथेच राहिली, रस्ते तेच राहिले, पिनही बदलले नाहीत. बदलले ते एवढेच की कोणत्या गावाचे कागद कोणत्या जिल्हाधिकारी कार्यालयात जायचे.

जाळ्यातही असेच करता येते. एकाच स्विचच्या १ ते १२ या खाचा विद्यार्थ्यांच्या गटात आणि १३ ते २४ या कार्यालयाच्या गटात, असे नुसते लिहून टाकायचे. तारा हलवायच्या नाहीत. एका गटातली दवंडी दुसऱ्या गटाला ऐकूही येत नाही. अशा कागदोपत्री आखलेल्या जाळ्याला आभासी स्थानिक जाळे किंवा थोडक्यात व्हीलॅन म्हणतात. त्याचे मानक १९९८ मध्ये ठरले. शेजारी बसलेले दोन संगणक वेगळ्या गटांत असू शकतात आणि दोन इमारतींतले संगणक एकाच गटात.

या उदाहरणातून आखणीचा एक धडाही मिळतो. हिंगोलीचा पिन ४३१५१३, वसमतचा ४३१५१२. पण त्याच जिल्ह्यातील कळमनुरीचा ४३१७०२ आणि औंढा नागनाथचा ४३१७०५. उलट परभणी जिल्ह्यातील जिंतूर ४३१५०९, गंगाखेड ४३१५१४, आणि नांदेड जिल्ह्यातील हदगाव ४३१७१२. म्हणजे 'हिंगोली जिल्ह्याची सर्व पत्रे' असा नियम ४३१५ किंवा ४३१७ या एका सुरुवातीने लिहिता येत नाही, त्यासाठी अनेक नोंदी कराव्या लागतात. टपालात हे चालून जाते. जाळे आखताना मात्र प्रत्येक गटाला सलग पत्ते द्यावेत, म्हणजे एका नोंदीत काम भागते. नोंदी थोड्या असण्याचे महत्त्व पुढे कळेलच.

गट पाडले की एक नवी अडचण उभी राहते. विद्यार्थी गटातील संगणकाला कार्यालयाच्या गटातील गुणपत्रिकांच्या संगणकाशी बोलायचे असेल तर पॅकेट स्विचमधून बाहेर राऊटरकडे जाणार, तिथे पिन वाचला जाणार, आणि पॅकेट त्याच तारेने त्याच स्विचमध्ये परत येणार. दोन्ही संगणक एका भिंतीच्या अंतरावर असले तरी हेलपाटा चुकत नाही. गट जितके जास्त, तितकी त्या एका तारेवर गर्दी.

सदुसष्ट अब्जांश सेकंद

यावर उपाय उघड होता. राऊटरचे काम स्विचच्या पोटातच करायचे, आणि तेही स्विचच्याच वेगाने. हे सोपे का नव्हते ते एका गणिताने समजेल. हे गणित आठवी-नववीच्या मुलांकडूनही करून घेता येईल.

ईथरनेटवरचा सर्वांत लहान संदेश ६४ बाइटचा असतो. त्याआधीची ८ बाइटची खूण आणि नंतरची १२ बाइटइतकी विश्रांती धरली तर ८४ बाइट, म्हणजे ८४ × ८ = ६७२ बिट होतात. सेकंदाला १ अब्ज बिट वाहणाऱ्या तारेवर असा एक संदेश दर ६७२ अब्जांश सेकंदाला येऊ शकतो. म्हणजे सेकंदाला सुमारे १४ लाख ८८ हजार संदेश. स्विचला अशा २४ खाचा असतील आणि सर्व एकदम भरून वाहू लागल्या, तर सेकंदाला सुमारे ३ कोटी ५७ लाख संदेश येतील. प्रत्येकाच्या वाट्याला येतात फक्त २८ अब्जांश सेकंद. सेकंदाला १० अब्ज बिट वाहणारी एकच खाच घेतली तर ६७ अब्जांश सेकंद. इतक्या वेळात प्रकाशसुद्धा अवघा २० मीटर जातो. साध्या संगणकाला आपल्या मुख्य स्मृतीतून एक नोंद आणण्यासाठीच जवळपास एवढा वेळ लागतो. मग शेकडो नोंदींचा तक्ता चाळायचा कधी?

१९९० च्या दशकाच्या उत्तरार्धात यावर उत्तर निघाले. पत्ता वाचण्याचे काम प्रोग्रामकडून काढून घेतले आणि फक्त त्यासाठीच बनवलेल्या चिपवर सोपवले. सुरुवातीच्या एका पद्धतीत दोन संगणकांमधील पहिले पॅकेट राऊटरकडे जाई. त्याचा निर्णय चिप लक्षात ठेवी आणि त्यानंतरची पॅकेटे परस्पर पाठवी. एकदा विचारा, अनेकदा वापरा. पण हजारो नवे संवाद एकदम सुरू झाले की पहिल्या पॅकेटांचीच रांग लागे. म्हणून पुढे वाटांचा संपूर्ण तक्ताच आधी चिपमध्ये उतरवून ठेवण्याची पद्धत रूढ झाली.

हा तक्ता शोधणारी स्मृती मोठी नवलाची आहे. साध्या स्मृतीला आपण विचारतो, '४२ व्या पानावर काय आहे?' या स्मृतीला विचारतात, 'हा पत्ता कोणाकोणाशी जुळतो?' आणि तिच्यातील सर्व ओळी एकाच क्षणी आपापल्याशी तुलना करतात. प्रत्येक स्थानावर ० आणि १ यांखेरीज 'काहीही चालेल' अशी तिसरी खूणही ठेवता येते, त्यामुळे अर्धवट पत्तेही नोंदवता येतात. तिला इंग्रजी आद्याक्षरांवरून टीकॅम म्हणतात. या वेगाची किंमत मोजावी लागते. प्रत्येक शोधात सगळ्या ओळी कामाला लागतात, म्हणून वीज जास्त खर्च होते, उष्णता होते आणि चिप महाग पडते. साहजिकच ओळी मर्यादित असतात. तक्ता भरून वाहिला तर उरलेले काम सावकाश चालणाऱ्या प्रोग्रामकडे जाऊ शकते आणि सारे मंदावते. नोंदी थोड्या असाव्यात असे आपण म्हटले ते याचसाठी.

एका पॅकेटची गोष्ट

विद्यार्थी गटात १०.१०.१.२५ हा संगणक आहे आणि कार्यालयाच्या गटात १०.१०.२.८. पहिले तीन आकडे म्हणजे गट आणि शेवटचा आकडा म्हणजे संगणक, असे ठरले आहे. पहिल्याने दुसऱ्याला संदेश पाठवला तर काय घडते?

पाठवणारा संगणक आधी पाहतो की गट सारखा आहे का. १०.१०.१ आणि १०.१०.२ वेगळे आहेत, म्हणून तो चिठ्ठीवर वेशीवरच्या उपकरणाचा, म्हणजे खुद्द बहुस्तरीय स्विचचाच मॅक पत्ता लिहितो. लिफाफ्यावर मात्र १०.१०.२.८ हाच पत्ता असतो.

संदेश आला की स्विच प्रथम चिठ्ठी वाचतो. ती दुसऱ्या कोणाच्या नावाची असेल तर तो साध्या स्विचसारखा वागतो. लिफाफ्याकडे पाहतही नाही. चिठ्ठी स्वतःच्याच नावाची असेल तर थैली उघडायची आणि पिन वाचायचा. संपूर्ण उपकरणाचे रहस्य या एका निर्णयात आहे.

मग सर्वांत लांब जुळणी शोधली जाते, पुढची खाच आणि पुढचा मॅक पत्ता मिळतो. जुनी चिठ्ठी काढून नवी बांधली जाते. आयुष्य क्रमांक एकाने कमी होतो आणि त्यामुळे बदललेली ताळ्याची बेरीजही नव्याने लिहिली जाते. लिफाफ्यावरचे पाठवणाऱ्याचे आणि घेणाऱ्याचे पत्ते तसेच राहतात. हे सारे त्या काही अब्जांश सेकंदांच्या गतीने, एकामागून एक.

याच दमात स्विच चौथ्या स्तराची सूचनाही वाचू शकतो. 'विद्यार्थी गटाकडून गुणपत्रिकांच्या संगणकाकडे फक्त ४४३ क्रमांकाचीच मागणी जाऊ द्या', 'परीक्षेच्या माहितीला आधी वाट द्या, चित्रफितींना नंतर' असे नियम लावता येतात.

इथे एक इशारा द्यायला हवा. व्हीलॅन आखले की जाळे सुरक्षित झाले अशी समजूत पुष्कळ ठिकाणी आढळते. बहुस्तरीय स्विचमध्ये गटांमधली वाट सुरू केली आणि असे कोणतेच नियम लावले नाहीत, तर सर्व गट एकमेकांशी मोकळेपणी बोलू लागतात. सीमा आखली, पण नाका बसवला नाही, अशी अवस्था होते. तसेच स्विच लिफाफ्यावरचे वाचतो, सांकेतिक भाषेत लिहिलेला आतला मजकूर त्याला कळत नाही. तिथली काळजी वेगळ्या उपायांनी घ्यावी लागते.

गावापर्यंतचा तंतू

आता शाळेच्या भिंतीबाहेर पडू. सर्व ग्रामपंचायतींपर्यंत प्रकाशतंतू नेण्याच्या योजनेला केंद्रीय मंत्रिमंडळाने ऑक्टोबर २०११ मध्ये मंजुरी दिली. पुढे तिला भारतनेट हे नाव मिळाले. पहिल्या टप्प्याची रचना झाडासारखी होती. तालुक्याच्या केंद्रातून निघालेला तंतू फांद्या फुटत ग्रामपंचायतींपर्यंत जाई. झाडाची अडचण उघड आहे. रस्तारुंदीकरणात जेसीबीचा एक फटका तंतूवर बसला की त्या जागेपलीकडची सारी गावे एकदम तुटतात. सेवा केंद्रातून मिळणारा सातबारा, निराधार योजनेचे अर्ज, शिष्यवृत्तीची शेवटची तारीख, सगळे तिथेच अडते.

यावर उपाय म्हणजे फांदीऐवजी कडे करणे. एका बाजूने तुटले तर दुसऱ्या बाजूने पोचायचे. पण कडे म्हणजे वेटोळेच, आणि दुसऱ्या स्तरावर वेटोळे किती घातक असते ते आपण पाहिले. तिथे कड्याची एक बाजू बंद ठेवूनच काम चालवावे लागते. तिसऱ्या स्तराचा पत्ता वाचणारी उपकरणे बसवली की दोन्ही बाजू उघड्या ठेवता येतात. वाटा तेच शोधतात, आणि एखादे पॅकेट फिरत राहिलेच तर आयुष्य क्रमांक त्याला संपवतो. केंद्रीय मंत्रिमंडळाने ऑगस्ट २०२३ मध्ये १,३९,५७९ कोटी रुपयांच्या सुधारित भारतनेट कार्यक्रमाला मंजुरी दिली. त्यात झाडाऐवजी कड्याची रचना आणि तालुका व ग्रामपंचायत या दोन्ही पातळ्यांवर राऊटर असा बदल आहे. हा बदल का करावा लागला हे आता वाचकांच्या लक्षात येईल. पत्ता वाचण्याची अक्कल गावाच्या अधिक जवळ नेल्याशिवाय कड्याचा पुरता फायदा मिळत नाही.

औंढ्याचे विश्व आणि त्याचे जाळे

याच जिल्ह्यात औंढा नागनाथजवळ लायगो-इंडिया ही गुरुत्वीय लहरींची वेधशाळा उभी राहायची आहे. तिला मंत्रिमंडळाने एप्रिल २०२३ मध्ये सुमारे २,६०० कोटी रुपयांची अंतिम मंजुरी दिली. तिच्या काटकोनातल्या दोन भुजा प्रत्येकी ४ किलोमीटर लांबीच्या असतील.

अमेरिकेतील अशाच वेधशाळांत मुख्य संकेत सेकंदाला १६,३८४ वेळा नोंदला जातो. प्रत्येक नोंद ३२ बिटची धरली तर सेकंदाला सव्वापाच लाख बिटसुद्धा होत नाहीत. मोबाइलवरच्या साध्या चित्रफितीपेक्षाही कमी. मग जाळ्यावर ताण कशाचा? जमिनीची कंपने, तापमान, लेझरचा तोल, आरशांची स्थिती अशा गोष्टी टिपणाऱ्या साहाय्यक वाहिन्यांचा. एका वेधशाळेत अशा वाहिन्या दोन लाखांहून अधिक आहेत. आलेला धक्का ताऱ्याचा की मालमोटारीचा, हे त्यांच्यावरूनच ठरते. अशा ठिकाणी यंत्रांचे जाळे, कार्यालयाचे जाळे आणि पाहुण्यांचे जाळे वेगळे ठेवावे लागते, तरीही नेमकी हवी ती माहिती एका गटातून दुसऱ्यात झटपट जावी लागते. बहुस्तरीय स्विचचे हे नेमके क्षेत्र आहे.

इथे एक शंका येईल. जाळ्यात माहितीला उशीर झाला तर मोजमाप चुकणार नाही का? १४ सप्टेंबर २०१५ रोजी टिपलेली पहिली लहर अमेरिकेतील दोन केंद्रांवर सुमारे ७ सहस्रांश सेकंदांच्या फरकाने पोचली होती. असा फरक मोजायचा तर प्रत्येक नोंदीवर जागच्या जागी अचूक घड्याळाची वेळ लिहिलेली असते. पोस्टाच्या शिक्क्यावरची तारीख पत्र उशिरा पोचले तरी बदलत नाही, तसेच हे. उशिराने बिघडते ते वेगळेच. १७ ऑगस्ट २०१७ रोजी, भारतीय वेळेनुसार संध्याकाळी ६ वाजून ११ मिनिटांनी, दोन न्यूट्रॉन ताऱ्यांच्या मीलनाची लहर टिपली गेली. सुमारे ४० मिनिटांत जगभरच्या खगोलशास्त्रज्ञांना सूचना गेली. सुमारे ११ तासांनी चिलीमधील दुर्बिणीला १३ कोटी प्रकाशवर्षे दूर असलेल्या दीर्घिकेत तो प्रकाश सापडला. असा प्रकाश झपाट्याने मंदावतो. म्हणून सूचना जितकी लवकर, तितका अधिक प्रकाश हाती लागतो.

शाळेला काय हवे?

वीस-पंचवीस संगणकांच्या कक्षाला बहुस्तरीय स्विचची गरज नसते. साधा, चांगला स्विच आणि नीट लावलेल्या तारा पुरतात. विक्रेता महागडे उपकरण सुचवत असेल तर तीन प्रश्न विचारावेत. आपल्याला वेगळे ठेवावेत असे किती गट आहेत? त्या गटांचे एकमेकांशी बोलणे खरोखर खूप होते का? आणि गटांमधले नियम कोण लिहिणार, कोण सांभाळणार? तिसऱ्या प्रश्नाला उत्तर नसेल तर उपकरण घेऊन उपयोग नाही. मोठ्या महाविद्यालयात मात्र, जिथे ग्रंथालय, प्रयोगशाळा, कार्यालय, वसतिगृह असे अनेक गट आहेत, तिथे हा खर्च सार्थकी लागतो.

वर्गात करण्याची कृती

आठ मुलांच्या हाती चिठ्ठ्या द्याव्यात: ४, ४३१, ४३१५, ४३१५१३, ४३१७, ४३१७०५, ४११* (पुणे) आणि . फुली म्हणजे 'काहीही चालेल'. सर्वांत जास्त आकडे असलेले मूल रांगेत सर्वांत पुढे उभे करावे, सर्व फुल्यांचे सर्वांत मागे. शिक्षकांनी एक पिन मोठ्याने वाचावा. ज्यांची चिठ्ठी जुळते त्या सर्वांनी एकदम हात वर करावा. हात वर केलेल्यांपैकी सर्वांत पुढचा जिंकला. आता ४३१५१३, ४३१७१२, ४११००४ आणि १००००१ हे पिन वाचून पाहावेत. प्रत्येक वेळी किती हात वर गेले ते फळ्यावर लिहावे.

मग तीच चिठ्ठ्यांची यादी एका मुलाकडे देऊन त्याला एकट्याला वरून खाली शोधायला सांगावे आणि दोन्ही वेळा मोजाव्यात. पहिला वेळ टीकॅमचा, दुसरा जुन्या राऊटरचा. शेवटी आठांऐवजी चाळीस चिठ्ठ्या कराव्यात. एकट्या मुलाला लागणारा वेळ वाढतो, रांगेला लागणारा वेळ जवळपास तेवढाच राहतो. मात्र रांगेत चाळीस मुले उभी करावी लागतात आणि प्रत्येक पिनला चाळीसही जणांना आपली चिठ्ठी तपासावी लागते. वेग कुठून आला आणि त्याची किंमत कोणी मोजली, हे मुलांना वेगळे सांगावे लागणार नाही.